‘मिररशेड्स’ला मिळालेल्या एका स्टारबद्दल, दुकान मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

‘मिररशेड्स’ या इंग्रजी विज्ञानकथांच्या संग्रहाबद्दलचा आपला रिव्ह्यू वाचला. पुस्तक आवडलं नाही आणि आमच्या दुकानातून आपण नाराज होऊन गेलात, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. गिऱ्हाईक तोंड पाडून गेलं की मलाही दोन घास कमीच जातात. पण आपण जे लिहिलंय ते सगळं गाव वाचतंय, म्हणून चार शब्द मलाही इथंच लिहिणं भाग आहे. राग मानू नका.

आपलं म्हणणं असं: सायबरपंक (म्हणजे कॉम्प्युटर, बड्या कंपन्या आणि त्यांच्या कचाट्यातला माणूस, असल्या विज्ञानकथा) सांगून जुनं रद्दीतलं पुस्तक ८५० रुपयांना गळ्यात मारलं. अर्ध्या गोष्टींत कॉम्प्युटरच नाही, एकीत चर्चचे दगडी पुतळे, एकीत चक्क जलपरी. दोन गोष्टी वाचून ठेवून दिलं, तर मालक परत घेईना, वर उद्धट बोलला. सोलापुरात असली पुस्तकं मागवायच्या भानगडीत पडू नये, पुण्याला जावं.

किमतीचं लवकर उरकतो. जुनी परदेशी प्रत, बाहेरून मागवलेली, कुरिअर वेगळं. त्यात मला सुटले ते चहापाण्याचे. पुस्तकावर डॉलरमध्ये छापलेला आकडा दाखवून भांडण्यात अर्थ नाही, तो त्या काळचा आहे.

‘गळ्यात मारलं’ हे मात्र लागलं. साहेब, आपण काउंटरवर उभे होतात तेव्हा मी आधी विल्यम गिब्सनची १९८४ ची ‘न्यूरोमॅन्सर’ सुचवली होती. विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्यूला हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेली कादंबरी, हॅकर म्हणाल तर त्यात हॅकरच आहे. आपण म्हणालात, ‘कादंबरी नको, छोट्या गोष्टी बऱ्या, गाडीत वाचता येतात.’ म्हणून हा संग्रह निघाला. पैसे घ्यायच्या आधी मी व्हॉट्सअॅपवर स्वच्छ लिहिलं होतं: प्रत जुनी आहे, पानं पिवळी आहेत, संग्रह १९८६ चा आहे, सगळ्या गोष्टी कॉम्प्युटरच्या नाहीत. त्यावर आपला अंगठा आला आणि मागोमाग फोनपे आलं. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. कुणाला पाहायचा असेल तर दुकानात या, दाखवतो.

आता ‘दोन गोष्टी वाचून ठेवून दिलं’. हे लिहायचं नव्हतं, पण सगळं बिनसलं ते इथंच. परत आणलेली प्रत मी आपल्यासमोर उघडली होती. पहिल्या गोष्टीत काही नाही. मधल्या पानांपासून शेंगाचटणीच्या तेलाचे ठसे सुरू होतात. जलपरीच्या गोष्टीत समासात अख्खा लालसर अंगठा उमटलाय आणि शिवणीत कडक भाकरीचा चुरा बसलाय. बाराव्या, म्हणजे शेवटच्या गोष्टीत पान दुमडलेलं, तिथंच एसटीचं तिकीट. कुठल्या गावचं ते सांगत नाही, आपला खाजगी विषय आहे. पुस्तक माणसानं खाता खाता वाचावं, मीही वाचतो. शेंगाचटणीचा डाग म्हणजे गोष्टीनं पकडून ठेवल्याची पावतीच म्हणायची. पण मग दोन गोष्टी वाचल्या असं लिहू नये, आणि पूर्ण पैसे परत मागू नयेत. तरी मी निम्मे पैसे किंवा त्या किमतीचं दुसरं पुस्तक देऊ केलं होतं. ते रिव्ह्यूत आलं नाही. उद्धटपणाबद्दल म्हणाल, तर मी एवढंच बोललो, ‘साहेब, हे वाचनालय नाही.’ झेरॉक्सला रांग लागली होती, आवाज थोडा मोठा झाला असेल. माझा आवाज मुळातच मोठा आहे, घरचेही तेच म्हणतात.

आणि त्या जलपरीबद्दल. ती परीकथेतली नाही हो. एका कंपनीनं जनुकांशी खेळून तयार केलेली आहे. गोष्टीतला माणूस सुट्टीला समुद्रावर गेलेला, पाण्याखाली त्याला ती दिसते, मग तिच्या मागे कोण आहे ते कळतं. कंपन्यांनी माणसाचं शरीरसुद्धा माल म्हणून बनवायचं, सायबरपंकचा मुद्दा तोच ना? कॉम्प्युटर फक्त टेबलावर असला तरच चालतो असं नाही. दगडी पुतळ्यांच्या गोष्टीत मात्र मी आपल्या बाजूनं आहे. ग्रेग बेअर मोठा लेखक, गोष्टही सुंदर, देव मेल्यावर कॅथेड्रलमधले पुतळे जिवंत होतात वगैरे. पण ती या संग्रहात का, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

आपली तक्रार तशी नवी नाही. या संग्रहाचा संपादक ब्रूस स्टर्लिंग, त्यानं अकरा लेखकांच्या बारा गोष्टी एकत्र बांधल्या, वर प्रस्तावना लिहून हीच आमची चळवळ असं ठणकावलं. तेव्हापासून वाचक भांडतायत की यातल्या किती खऱ्या सायबरपंक आणि किती नुसत्या मित्रमंडळींच्या. जलपरीची गोष्ट लिहिणाऱ्या लुईस शायनरनं तर १९९१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपण आता सायबरपंक राहिलो नाही असं जाहीरच करून टाकलं. लेखकच असं म्हणतो तिथं सोलापूरच्या दुकानदाराचा स्टार कापून काय होणार?

माझी स्वतःची प्रत मी इथल्या काही जणांना वाचायला दिली आहे. इंजिनिअरिंगच्या एका मुलीनं परत देताना विचारलं, ‘काका, अकरा लेखकांत बाई एकच?’ (पॅट कॅडिगन. तिची गोष्ट गाण्याची आहे, थेट डोक्यातून काढलेल्या गाण्याची.) हा प्रश्न मला आवडला. एक निवृत्त प्राध्यापक यातल्या गिब्सनच्या गोष्टीवर खूष होते. त्यात एक फोटोग्राफर अमेरिकेतल्या १९३० च्या काळातल्या, भविष्य म्हणून बांधलेल्या इमारतींचे फोटो काढत फिरतो आणि त्याला ते कधी न आलेलं भविष्य डोळ्यांसमोर दिसायला लागतं. सर म्हणाले, जुन्या गिरणीच्या बाजूनं जाताना मलाही असंच होतं. तेव्हा पुस्तक वाईट आहे हे आपलं मत, आणि ते आपल्यापाशी असू द्या. पण सोलापुरात ते कुणाला कळत नाही, असं म्हणू नका.

पुण्याचं वाक्य काढाल तर फार बरं वाटेल. माझे वडील पूर्व भागात कारखान्यात चादरीच्या मागावर होते. जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मी लहानपणी उन्हात पसरून त्यांच्याशी खेळलोय. भोक असेल तिथं दोरा उचलायचा, नसेल तिथं नाही, त्यातून मोर उठतो. फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र काढलं आणि तीच कार्डं वापरून आकडेमोडीचं यंत्र चालवायचा बेत पुढे चार्ल्स बॅबेजनं केला. आजच्या कॉम्प्युटरच्या वंशावळीत आमच्या चादरीचा माग असा बसलेला आहे. मशीन आणि माणूस यांच्या गोष्टी वाचायला या गावाला पुण्याची परवानगी लागत नाही.

एवढं लांबण लावलं कारण पोट आहे. असली पुस्तकं हौस म्हणून ठेवतो, दुकान चालतं ते दहावी-बारावीच्या गाईडांवर आणि एमपीएससीच्या पुस्तकांवर. जूनमध्ये आईबाप मोबाइलवर आधी स्टार बघतात, मग पाय उचलतात. त्यांना जलपरीशी काही देणंघेणं नसतं, त्यांना फक्त ‘फसवलं’ एवढंच दिसतं. आम्ही दोघं आणि एक पोरगा, तिघांचं त्यावर भागतं.

तरी आपल्या तक्रारीचा विचार करून जुन्या पुस्तकांबाबत जे काही करता येईल ते लवकरच करू, पाटी वगैरे लावायचाही विचार आहे. निम्म्या पैशांचं बोलणं अजून कायम आहे, आणि ‘न्यूरोमॅन्सर’ची एक प्रतही शिल्लक आहे. स्टार बदलायचा की नाही ते आपण ठरवा, फक्त ‘दोन गोष्टी’ हे तेवढं दुरुस्त करा.

येणार असाल तर दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. आपलं एसटीचं तिकीट गल्ल्यात ठेवलंय, ऑफिसला बिलाबरोबर लावायचं असेल तर घेऊन जा.

आपला,
दुकान मालक