राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्थापनेविषयी खुलासा

राष्ट्रीय अभिलेखागार 1947 साली दिल्लीत स्थापन झाले आणि डॉ. सुरेंद्रनाथ सेन त्याचे पहिले अभिलेखपाल होते, असा मजकूर सध्या रत्नागिरी-चिपळूण परिसरातील इतिहासप्रेमींमध्ये फिरत आहे. तो बरोबर नाही. 11 मार्च 1891 रोजी कोलकात्यात ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ म्हणून या संस्थेची सुरुवात झाली आणि तिची सूत्रे प्रथम जॉर्ज विल्यम फॉरेस्ट यांच्याकडे आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, त्यापूर्वी त्यांनी मुंबई सरकारच्या दप्तरातील मराठ्यांविषयीचे कागद निवडून प्रसिद्ध केले होते. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे साक्षेपी अभ्यासक असलेले सेन 1939 साली प्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर बदलले ते संस्थेचे नाव.