तंबोऱ्याचं ॲप आणि काइयाबाई

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर रण माजलंय. निमित्त काय, तर मिरजेला पुतणीचं घरगुती गाणं झालं आणि तिने तंबोरे न घेता मोबाईलवर ॲप लावून ब्लूटूथ स्पीकर मागे ठेवला. मिरजेत! जिथे तंबोरे बनवणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. मामा म्हणाले परंपरेचा खून केला, तर भाच्याने लगेच टाकलं, मामा तुमचंही काळीज मशीनवरच चालतंय की. (मामांना पेसमेकर आहे. मग दोन दिवस कुणीच बोललं नाही.)

मी हेलसिंकीत बसून हे वाचत होतो. बारा वर्षं झाली इथे, आणि इथे हा वाद कुणाला समजावून सांगायला गेलं तर भांडण नेमकं कशावरून हेच त्यांना कळत नाही. कारण इथली सगळ्यात गाजलेली संगीतकार काइया सारिआहो, तिचं निम्मं काम व्हायोलिन, सेलो, बासरी आणि कॉम्प्युटर एकत्र बसवण्याचं. जन्म हेलसिंकीचा, १९५२चा. लहानपणी रात्री हिला उशीतून संगीत ऐकू यायचं आणि ती आईला म्हणायची उशी बंद कर. १९८२ला पॅरिसला इर्काम नावाच्या संशोधन संस्थेत गेली आणि मग पॅरिसलाच राहिली, २०२३च्या जूनमध्ये वारली तीही तिथेच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१६ला तिचा ऑपेरा केला, तिथे बाईने रचलेला ऑपेरा त्याआधी झाला होता १९०३ला. तेव्हा इकडे सगळं आधीपासूनच पुढारलेलं वगैरे समजू नका.

तिचं 'नोआनोआ' मी एका छोट्या हॉलमध्ये ऐकलंय. एकटी बासरीवाली, पायाशी एक पेडल. ती बासरीत फुंकता फुंकता कुजबुजते, शब्द बोलते, नुसता श्वास सोडते, आणि पेडल दाबलं की स्पीकरमधून तसलाच श्वास, तसलीच कुजबुज पसरत येते, मग बासरी कुठे संपली आणि मशीन कुठे सुरू झालं काही कळत नाही. मला तर आधी वाटलं खोकला आवरतंय कुणीतरी. पण दोन मिनिटांत कान त्या श्वासाला लागला.

पॅरिसला तिच्यावर ज्या लोकांचा प्रभाव पडला त्यांचा नाद एकच, एक आवाज घ्यायचा आणि कॉम्प्युटरने तो उसवून त्याच्या पोटात कुठकुठले स्वर दडलेत ते बघायचं आणि त्यातून रचना करायची. अहो, मग आमचा मिरजेचा कारागीर दुसरं काय करतो? तारा टेकतात त्या घोडीवरची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा उतार, घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, छेडतो, कान लावतो, परत घासतो, षड्जाच्या म्हणजे सा-च्या तारेतून गंधार, म्हणजे ग, बोलेपर्यंत.

म्हणून मामांचं अर्धंच पटतं. यंत्राला नाकं मुरडणं आम्हाला नवीन नाही, १९४०मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, आणि त्याच महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या गाण्याला परदेशी ऑर्गन चालला, पायाने भाता मारत वाजवायचा तो. उद्या ॲपही चालेल. माझं दुखणं वेगळंय. तंबोऱ्यामागे बसणारं पोर गाणं पाठीमागून ऐकत ऐकत शिकायचं, ते पोर आपण काढून टाकलं आणि त्या जागी यंत्र ठेवलं ते बिनकानाचं. तेच रेकॉर्डिंग गोल गोल फिरतंय. काइयाबाईचं यंत्र निदान वाजवणाऱ्याच्या पायाची वाट बघतं.

आणि इथलं तरी काय, हॉल सुरेख, काइयाबाईंनी स्वतः १० लाख युरो दिले म्हणून म्युझिक सेंटरला भलामोठा नवा पाइप ऑर्गन बसला, पण तिथे मी पन्नाशीचा माणूस पोरगेला दिसतो, नवी रचना वाजली की सगळे सभ्यपणे टाळ्या वाजवतात आणि कोट घ्यायला रांग लावतात. ब्लूटूथ स्पीकरवरून आठवडाभर भांडणारे मामा इथे आणायचे कुठून?

काल पुतणीला फोन केला. विचारलं, त्या ॲपात जवारी बदलता येते का गं? म्हणाली, "येते ना काका, बटण आहे. मी कधी हात नाही लावला." म्हटलं लाव आता, आणि फोन स्पीकरवर ठेव. पाऊण तास झाला, गंधार काही सापडेना, शेवटी तिची आई ओरडली, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात मला.