एक बार, दोन बार

ख्रिस्ती माणसाने पैशाचा लोभ धरू नये, असे आमचे पाळकसाहेब व्यासपीठावरून वारंवार सांगतात. परंतु हंगामाच्या सणाला मंडळीने अर्पण केलेल्या वस्तूंचा चर्चसाठी जो लिलाव होतो, त्यात ते स्वतः कधी बोली लावत नाहीत, ही बाब मी आरंभीच वाचकांच्या नजरेस आणून देतो.

कोकणात दसऱ्याच्या आगेमागे हळवे भात कापून होते, गरवे त्यानंतर महिन्याभराने खळ्यावर येते, आणि सगळ्यांची झोडणी उरकली की नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी आमच्या मंडळीत हा सण धरला जातो. जांभ्या दगडाच्या त्या लहानशा चर्चमध्ये वेदीपुढे दोन बाके जोडून त्यांवर पांढरी चादर अंथरतात आणि सकाळपासून तिच्यावर भाताच्या लोंब्यांच्या जुड्या, सुरण, तांबडे भोपळे, अळूची पाने, असोले नारळ, केळीचे लोंगर, अंड्यांच्या करंड्या आणि कमरेएवढी तवशी येऊन पडतात. पाय बांधलेली कोंबडी बाकाखाली ठेवतात, कारण वेदीपुढे ती शोभत नाहीत, असे कमिटीचे मत आहे. उपासना होते, उपकारस्तुतीची गीते होतात, पाळकसाहेब बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातला, पहिल्या पिकाची टोपली देवाला वाहण्याचा भाग वाचतात, आणि इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. मोशेने टोपली आणायला सांगितली. आम्ही ती आणली. ती टोपली परत विकत घ्यायला मात्र मोशेने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

हा सण आज ज्या स्वरूपात पाळला जातो, ते इंग्लंडातल्या कॉर्नवॉल परगण्याचे देणे आहे. तिथल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ साली आपल्या मंडळीला सुगीच्या उपकारस्तुतीसाठी चर्चमध्ये बोलावले आणि ती चाल पुढे सर्वत्र पसरली. कॉर्नवॉलही समुद्रकाठचाच मुलूख असल्यामुळे ती कोकणाला मानवली, यात नवल नाही. आमच्याकडे त्याआधीच, १८२३ साली, स्कॉटिश मिशनरी बाणकोटला येऊन राहिले होते. स्कॉट लोक पैसा जपून खर्चण्याबद्दल जगभर नावाजलेले आहेत. ज्या किनाऱ्याला शुभवर्तमान अशा काटकसरी माणसांकडून मिळाले, त्याच किनाऱ्यावर एका लिंबाला अकराशे रुपये पडावेत, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्या लिंबाची हकीकत सांगायलाच हवी. आमच्याकडे असा रिवाज आहे की बोलीत घेतलेली वस्तू घेणाऱ्याने मोठ्या मनाने परत वेदीपुढे ठेवावी, म्हणजे ती पुन्हा पुकारता येते. मागल्या वर्षी एका आजींनी आपल्या परसातले एकच लिंबू आणून ठेवले. मार्काच्या शुभवर्तमानातली, जवळ होत्या त्या दोन टोल्या, म्हणजे दमडीची नाणी, दानपेटीत टाकणारी गरीब विधवा सगळ्यांना एकदम आठवली आणि वातावरण हळवे झाले. मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने ते दोनशेला घेऊन परत दिले, त्याच्या चुलत्याने अडीचशेला घेऊन परत दिले, मग दोन्ही घरांत जुना बांधाचा वाद असल्याचे हळूहळू सर्वांच्या ध्यानात आले आणि लिंबू वेदी आणि बाके यांच्यामध्ये फेऱ्या मारू लागले. अकराशेला ते थांबले, ते केवळ हाताळून हाताळून त्याची साल पिचली म्हणून. आजी मात्र शेवटपर्यंत विचारीत होत्या, "अगो, त्याचा सरबत तरी कोणी केलात काय?"

लिलाव पुकारण्याचे काम अण्णांकडे असते. अण्णा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे गर्दीत कोणी तिकीट न काढता बसला आहे, हे त्यांना चेहऱ्यावरून कळते. त्यांना प्रत्येकाची कमाईही ठाऊक असते: कोणाच्या कलमांना औंदा पैसा झाला, कोणाचा मुलगा बोटीवर लागला, कोणाच्या जमिनीचा महामार्गात मोबदला मिळाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझा पगार हे मंडळीतले गुपित कधीच नव्हते, पण सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा झाल्याचे मी घरीसुद्धा सांगितले नव्हते, आणि अण्णांनी हातात भोपळा धरून ध्वनिक्षेपकावरून विचारले, "काय गुरुजी, फरक आला ना? मग बोला!" माझ्या शेजारी बसलेल्या कुटुंबाने भोपळ्याकडे पाहिले नाही, तिने माझ्याकडे पाहिले. भोपळा मला चारशेला पडला. फरकाचा हिशेब घरी द्यावा लागला, तो निराळा.

पर्वतावरच्या उपदेशात प्रभूने स्पष्ट सांगितले आहे की, दानधर्म करताना उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नये. आमच्या लिलावात बोली उजवा हात वर करूनच लावावी लागते, आणि ती डाव्या हातालाच काय, खिडकीबाहेर आंब्याखाली उभ्या असलेल्या अन्यधर्मीय शेजाऱ्यांनाही कळते. मी एकदा कमिटीपुढे नम्रपणे सुचवले की, ज्याला जे द्यायचे ते त्याने पाकिटात घालून पेटीत टाकावे, म्हणजे वचनाचे पालनही होईल. सचिवांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि चर्चच्या कौलांचा खर्च वाचून दाखवला. कोकणच्या पावसात कौले चाळावी लागतात, वासे कुजतात, वाऱ्याने कोने उडतात. आणि गुप्तदानाच्या पाकिटांत काय निघते, याचा सचिवांना दीर्घ अनुभव आहे. त्या युक्तिवादापुढे मी गप्प बसलो.

यंदा मी निर्धार करून गेलो होतो. खिशात मोजके पैसे ठेवले आणि मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसलो. उपदेशासाठी पाळकसाहेबांनी नेमका हनन्या आणि सप्पीरा यांचा भाग निवडला. जमिनीच्या किमतीतला काही भाग मागे ठेवणारे हे जोडपे प्रेषितांच्या पायाशी कसे मरून पडले, हे त्यांनी इतके रंगवून सांगितले की, माझ्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी पाकीट उघडून आत पाहिले. लिलाव सुरू झाला. सुरण गेला, नारळ गेले, हिने दिलेले तवसे गेले. मग अण्णांनी बाकाखालून एक तांबडा कोंबडा काढला, त्याची छाती चाचपून वजनाचा अंदाज जाहीर केला आणि थेट खांबाकडे वळून म्हणाले, "गुरुजी, खांब पडत नाही, पुढे या." मी हात जोडून म्हटले, "अण्णा, आज खरोखरच जवळ काही नाही." त्याच क्षणी कोंबडा आरवला.

कोंबडा आरवण्याआधी पेत्राने प्रभू येशूला तीनदा नाकारले होते. मला एकदाच नाकारण्याची सवड मिळाली. सगळी मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले, आणि ज्या अर्थी पवित्र शास्त्र इतक्या उघडपणे माझ्या विरोधात गेले, त्या अर्थी आता माघार घेणे शोभणारे नव्हते. मी साडेसहाशेला हात वर केला. "एक बार, दोन बार" इतके म्हणून अण्णा थांबले, चाकरमान्याकडे पाहिले आणि तो आठशे म्हणाला. त्यानंतर मी नऊशे का म्हणालो, याचे समाधानकारक उत्तर मला स्वतःलाही देता आलेले नाही.

पैसे नाहीत ही सबब हल्ली चालत नाही, कारण दानपेटीवर कमिटीने क्यूआर कोड चिकटवला आहे. चर्चमध्ये मोबाइलची रेंज नसते; ती फक्त विहिरीच्या कठड्याजवळ मिळते. म्हणून लिलाव संपल्यावर कर्जबाजारी बंधुभगिनींची रांग विहिरीपाशी लागते, प्रत्येक जण फोन वर धरून गोल फिरतो आणि पैसे पोचल्याची घोषणा झाली की सचिव वहीत नावापुढे बरोबरची खूण करतात. माझा फोन बराच वेळ नुसता विचार करीत राहिला. बगलेत कोंबडा घेऊन विहिरीवर उभ्या असलेल्या शिक्षकाला माझ्याच वर्गातली मुले कौतुकाने पाहत होती.

कोंबडा परत वेदीपुढे ठेवण्याचा रिवाज मला ठाऊक होता, पण तो पुन्हा पुकारला गेल्यास मीच पुन्हा हात वर करीन अशी धास्ती वाटल्यामुळे मी त्याला सरळ घरी आणले. रविवारच्या जेवणाला वडे आणि रस्सा होईल, या आशेने मी वाटणाचा विषय काढला. ही म्हणाली, "नऊशे रुपयांचा कोंबडा कोणी कापतं का?" तेव्हापासून तो आमच्या परसात आहे आणि पहाटे उजाडण्याच्या पुष्कळ आधी, माझ्या खिडकीखाली, आपला धर्म पाळतो. परवा अण्णा सहज म्हणून डोकावले. त्यांनी चहा घेतला, परसात जाऊन कोंबड्याची छाती चाचपली आणि समाधानाने म्हणाले, "गुरुजी, ह्याला भात घालत जा. पुढच्या सणापर्यंत दीड हजाराचा होईल."