दहाचं नाणं घ्या हो कुणीतरी!

"इकडं चालत न्हाई हो." दहाचं नाणं पुढं केलं की परभणीत काय अन् लातुरात काय, किराणा दुकानदाराचं उत्तर ठरलेलं. अहो, रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय, दहाच्या नाण्याचे १४ प्रकार आहेत अन् चौदाच्या चौदा वैध. रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, सगळी. पण आमच्या गल्लीत कायदा गल्लीचा!

दुकानदार म्हणतो, "गिऱ्हाईकच घेत न्हाई, मी काय करू?" मागं उभ्या मावशी म्हणतात, "दुकानदारच घेत न्हाईत, आम्ही कशाला घ्यावं?" घ्या, झालं!

वरून सुट्टे आपल्यालाच मागणार. "दोन रुपये बघा की खिशात." नसले की बरणीत हात घालून दोन चॉकलेटं तूरडाळीच्या पुडीवर आपटणार. मला शुगर आहे, हे ह्या माणसाला चांगलं ठाऊक आहे. उद्या हीच चॉकलेटं देऊन काडेपेटी मागितली तर देताल का?

शेवटी डबाभर नाणी पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या बॅगेत कोंबली. तिकडं बिनबोभाट खपली म्हणे. दिवाळीला पोरगं आलं ते खिसा खुळखुळवत. "बाबा, तिकडं सुट्टे म्हणून हीच देतात."