मोठा माणूस छोटा काढला म्हणजे मूल नव्हे

पुण्यातल्या पालकगटांवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे, १७व्या शतकाआधी खेळणारी मुलं कुणी रंगवलीच नाहीत, कारण तेव्हा बालपणच नव्हतं. जुने चित्रकार मोठा माणूस लहान करून मूल काढत, तुमच्या मुलांनाही तसंच शिकवा. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राची तयारी करणाऱ्या भाचीने हे वहीत उतरवून घेतलं, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

सल्ल्याचा समाचार आधी, कारण खरं नुकसान त्यातच आहे. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट, धरतात. वर्षाच्या बाळाची चार, पाच वर्षांच्या मुलाची पाच-साडेपाच. मोठी आकृती नुसती आखडली की डोकं इवलंसं राहतं आणि पाय लांबलचक. मोठ्याचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, लहानग्याचे त्याच्या खाली, म्हणून कपाळ मोठं दिसतं. डोळ्यांची रेघ वर सरकली की लगोरी रचणारा पोरगा चाळिशीतला कारकून वाटतो. म्हणून आधी डोक्याचा गोल काढायचा, मग त्याच मापाने खाली मोजत यायचं.

आता ‘कुणी रंगवलीच नाहीत’. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेलचं १५६०चं चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. ११८ बाय १६१ सेंटिमीटरच्या फळीवर दोनशेहून जास्त मुलं, सगळी खेळात. डावीकडे खाली दोन मुली हाडांचे सागरगोटे खेळतायत, दोघं चाकं पळवतायत, एक पोरगं पिंपाच्या भोकात तोंड घालून ओरडतंय, एक मुलगी वीट खरवडून लाल भुकटी करतेय. एवढं एक चित्र पुरे. तरी हवं असेल तर १५५५मध्ये सोफोनिस्बा आंग्विसोला या इटालियन चित्रकर्तीने स्वतःच्या बहिणी बुद्धिबळ खेळताना रंगवल्या. धाकटी चक्क हसतेय. चीनमध्ये तर १२व्या शतकातच सू हान-चेन या चित्रकाराने बागेतली दोन मुलं काढली. त्यांचं खेळणं बोरांचं: अर्ध्या सोललेल्या बोराला तीन काड्यांचे पाय, वर आलेल्या बीच्या टोकावर बांबूची कामटी, कामटीच्या दोन्ही टोकांना एकेक बोर. तोल साधून ती फिरवायची.

‘बालपणच नव्हतं’ हे १९६०मध्ये एका फ्रेंच इतिहासकाराने मांडलेल्या मताचं चिरगुट आहे. इतिहासकारांनी ते केव्हाच खोडलंय.

एक कबूल करावं लागेल. ब्रूगेलच्या मुलांचे कपडे मोठ्यांसारखेच आहेत आणि कित्येक चेहरे थोराड दिसतात. फॉरवर्डसोबत जोडलेल्या मध्ययुगीन चित्रातला बाळ येशूही छोटा म्हाताराच दिसतो. पण तो तसा मुद्दाम काढत, देवत्व दाखवायला. शिवाय तो मेरीच्या मांडीवर बसलाय, खेळत नाहीये.