होला आला नि बाल्कनी गेली

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या लेखी पक्षी दोनच: कावळा आणि कबूतर. पोपट दिसलाच तर तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला असतो. त्यामुळे माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत होल्याच्या जोडप्याने संसार थाटला, तेव्हा ग्रुपवर बातमी फुटली ती ‘बी विंग, तिसरा मजला, कबुतरं’ अशीच. दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण २०२५ मध्ये हायकोर्टात गाजल्यापासून आमच्याकडेही कबूतर म्हटलं की खोकला येतो. सेक्रेटरींनी तत्काळ जाळीवाल्याला फोन लावला.

मी त्यांना बाल्कनीत आणून दाखवलं. ‘‘हा छोटा होला. पारव्यापेक्षा लहान, अंगाने सडपातळ. डोकं-मान गुलाबीसर, पाठ मातकट. आणि गळा बघा, तांबूस पट्ट्यावर काळे ठिपके.’’

सेक्रेटरींनी नीट बघितलं. ‘‘म्हणजे लहान कबूतर,’’ ते म्हणाले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका हातभर लेन्सचा कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी ‘ठिपकेवाला होला’ असा निकाल दिला. ठिपकेवाल्याचे ठिपके मानेवर मागे असतात, तेही काळ्यावर पांढरे. याचे गळ्यावर पुढे आहेत आणि काळे आहेत, एवढं सांगायला मला अर्धा तास आणि दोन चहा लागले. मग काका पठाणी होल्यावर घसरले. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळी अर्धी रेघ असते, जी इथे नव्हती. पण विसाव्या शतकात त्याने सगळा युरोप पादाक्रांत केला आणि १९५५ मध्ये इंग्लंडात पिल्लं काढली, हे मी सांगितल्यावर सगळेच गंभीर झाले. आमच्याकडे निम्म्या घरांतली मुलं तिकडेच असतात.

आता घरट्याविषयी. घरटं म्हणजे मूठभर काड्या. मादी बसायची आणि नर एकेक काडी आणून, तिच्या पाठीवर उभा राहून, पुढे करायचा. काडी पडली तर खाली वाकून उचलणार नाही, दुसरी आणायला जाणार. आमच्या खराट्याचे निम्मे हीर असेच गेले. एवढ्या खटाटोपानंतर जे तयार झालं, त्यात दोन पांढरी अंडी गडगडली नाहीत हेच नवल. शिवाय ऐन वामकुक्षीच्या वेळी गळा फुगवून ते घोगरं ‘क्रू-डू-डू-डू’. इंग्रजीत याला हसरा होला म्हणतात. कुणाला हसतो, ते मला माहीत आहे.

आईने फर्मान काढलं: बाळंतिणीला उठवायचं नाही. झालं! मोगऱ्याला पाणी बंद, दोरीवर कपडे बंद, माझ्या योगासनांवरही बंदी (तिचं मला फारसं दुःख नव्हतं). मी भाबडेपणाने माहिती पुरवली, ‘‘आई, ही बाळंतीण नाही. दिवसा नर अंडी उबवतो, मादी रात्रपाळी करते. दोघं सारखीच दिसतात म्हणून कळत नाही.’’

‘‘दिवसभर तो बसतो?’’ आईने विचारलं. बायकोने हातातली भाजी बाजूला ठेवली.

इथे थांबायला हवं होतं. पण ज्ञान उतू जात होतं. पिल्लांना पहिले काही दिवस दूध पाजतात, ते आईच्या आणि बापाच्याही गळ्याजवळच्या पिशवीत तयार होतं, हेही मी सांगून टाकलं. त्या दिवसापासून आमच्या घरी सकाळचं दूध तापवणं माझ्याकडे आहे.

शेवटी जाळीवाला आला. ड्रिल खाली ठेवून त्याने कुंडीकडे एकदाच नजर टाकली. ‘‘होला हाय की हा! आमच्या रानात लय. बारका हाय, घाण न्हाई करत कबुतरावानी. पिल्लं उडून जाऊ द्या, मग मारू जाळी.’’

‘‘होला का? मग हरकत नाही,’’ सेक्रेटरी म्हणाले आणि काकांनीही मान डोलावली.

जाळीवाल्याने जाता जाता ॲडव्हान्स मागितला. तो मी दिला.