घर गेलं? अभिनंदन, तुमची कमाई वाढली!

न्यू जर्सीत घर घेऊन बसलात आणि हप्ते झेपेनासे झालेत? मग मंडळी, आधी ते रडणं थांबवा. अमेरिकेत घर गमावणं हासुद्धा उत्पन्नाचा मार्ग आहे. पैसे हातात येत नाहीत एवढंच, टॅक्स मात्र न चुकता येतो.

समजा बँकेचं 4,10,000 डॉलर देणं आहे आणि घर शॉर्ट सेलमधे, म्हणजे बँकेच्या संमतीने देण्यापेक्षा कमी किमतीत, 2,80,000 ला गेलं. उरलेल्या 1,30,000 ला बँक म्हणते जाऊ द्या, माफ. तुम्ही लगेच देवापुढे साखर ठेवता. ठेवा की, पण जानेवारीअखेर बँक 1099-सी नावाचा, माफ केलेलं कर्ज तुमचं उत्पन्न म्हणून कळवणारा फॉर्म काढते, एक कॉपी तुम्हाला आणि एक थेट आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याला. तुमची कॉपी अनेकदा जाते कुठे, तर जे घर तुम्ही नुकतंच सोडलं त्याच पत्त्यावर! मग पुढे कधीतरी सीपी2000 नावाची नोटीस येते की अहो, एवढं उत्पन्न दाखवायचं राहिलं वाटतं, आणि वर व्याज.

आयआरएसला शिव्या देऊ नका बरं. 1931 साली सुप्रीम कोर्टाने कर्बी लंबर कंपनीच्या केसमधे सांगूनच ठेवलंय, कंपनीने स्वतःचे बाँड स्वस्तात परत घेतले, जेवढे वाचले तेवढी कमाई. लाकडाच्या कंपनीला जो न्याय तोच तुमच्या तीन बेडरूमला.

आता कुणीतरी शहाणा भेटेलच, "अरे बुशने 2007 ला कायदा केला ना, राहत्या घराचं माफ कर्ज उत्पन्नात धरत नाहीत." बरोबर आहे त्याचं, पण ती सूट मुदतीची. 20 लाख डॉलरपर्यंत सूट होती, मग ती मधेच संपायची, मग मागल्या तारखेपासून परत चालू व्हायची, शेवटी 2020 च्या डिसेंबरात मुदत 2025 अखेरपर्यंत वाढवली आणि मर्यादा आणली 7,50,000 वर. तेव्हा बुडायचंच असेल तर पंचांग काढून मुहूर्तावर बुडा, उगाच आपलं नोकरी गेली म्हणून बुडालो असं नको.

आणि त्यातही तुम्ही घोळ घातलेला असणारच. भाव चढत होते तेव्हा रिफायनान्स करून, म्हणजे जुनं कर्ज फेडून त्याच घरावर मोठं नवं कर्ज घेऊन, लाखभर डॉलर काढले, क्रेडिट कार्डं फेडली, आईबाबांना दोनदा इकडे आणलं, हॉल घेऊन मुंज केली. ते लाख घर घ्यायला किंवा घर सुधारायला नव्हते ना, म्हणून माफीत आधी तेच माफ झाले असं धरतात, सूट मुदतीत असली तरी उरते फक्त 30,000 ला, बाकी 1,00,000 तुमच्या पगारावर चढले, म्हणजे वीसेक हजार डॉलर टॅक्स. मुंज महागात पडली म्हणतात ती अशी. आणि घर तोट्यात गेलं तो तोटा वजा होतो का म्हणून विचारूच नका, राहतं घर आहे ते, तोटा तुमचा खासगी.

राहता राहिला आणखी एक मार्ग, आपण कफल्लक आहोत हे फॉर्म 982 भरून सांगायचं. कर्ज माफ व्हायच्या आदल्या क्षणी देणं मालमत्तेपेक्षा जितकं जास्त, तितकीच सूट. कफल्लक कमी पडलात तर तेवढा टॅक्स भरा. मालमत्तेत 401(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, पण धरायचं, हात लावता येत नसला तरी. आयआरएसच्या पुस्तिकेत तक्ताच दिलाय, गाडी, फर्निचर, कपडे, पुस्तकं, दागिने, नाण्यांचा संग्रह, सगळ्याची त्या क्षणाची बाजारकिंमत घाला.

तर रात्री जेवणं झाली की बायकोला घेऊन डायनिंग टेबलावर बसा, हो, टेबल पण लिहा, 40 डॉलर. पैठण्या कपड्यांत. मंगळसूत्राला ती म्हणेल ते काही मी लिहू देणार नाही, तिथे वाद घालू नका, दागिन्यांत गुपचूप टाका. अडाल ते देव्हाऱ्यापाशी, आजीने दिलेल्या चांदीच्या गणपतीला दागिन्यांत धरायचं का संग्रहात, आणि त्याची बाजारकिंमत नक्की कुणाला विचारायची.